अल्टिमीटरवर 840 फूट, विमानाला 4,850

खानदेशात मे महिना तापला की तेच वाक्य फिरू लागतं: 'उन्हामुळे अल्टिमीटर चुकतो, म्हणून विमान लवकर उचलत नाही.' अल्टिमीटर म्हणजे हवेच्या दाबावरून उंची दाखवणारं उपकरण. या वाक्यात दाब-उंची आणि घनता-उंची (मानक वातावरणात इतकी विरळ हवा ज्या उंचीवर असते ती) यांची सरळ गल्लत आहे.

दाब-उंची सोपी आहे. अल्टिमीटरवरच्या दाब लावायच्या खिडकीत मानक दाब, म्हणजे 1013.25 हेक्टोपास्कल, लावला की काटा दाखवतो ती. आतली अॅनेरॉइड (हवा काढून बंद केलेली) डबी फक्त दाब ओळखते, तापमान तिला कळत नाही. म्हणून धावपट्टीवर त्या वेळचं क्यूएनएच (समुद्रसपाटीच्या हिशेबाने काढलेला तिथला हवेचा दाब) लावलं, तर 20 अंश असो वा 44, जळगावात काटा सुमारे 840 फुटांवरच राहणार. तो बरोबरच आहे.

चुकतो तो आपला हिशेब. दुपारी क्यूएनएच 1003 आणि तापमान 44 अंश धरा. मानक दाबापेक्षा 10 हेक्टोपास्कल कमी, प्रत्येकी 30 फूट, म्हणजे दाब-उंची 840 अधिक 300, 1,140. या उंचीचं मानक तापमान साधारण 13 अंश. फरक 31 अंशांचा, दर अंशाला 120 फूट: 3,720. बेरीज, म्हणजे घनता-उंची, जवळपास 4,850. पंख, प्रोपेलर आणि इंजिन यांना हवा तेवढ्या उंचीवरची मिळते. साध्या पिस्टन इंजिनाची ताकद हजार फुटांमागे साधारण 3 टक्के घटते. नाक उचलण्याचा दर्शक वेग (वेगमापकावर दिसणारा) मात्र तोच ठेवायचा. हवेतला खरा वेग त्यापेक्षा सुमारे 7 टक्के जास्त असतो, आणि तो गाठेपर्यंत धावपट्टी सरत जाते.

खरी गफलत तक्त्यावर होते. विमानाच्या पुस्तिकेतला उड्डाण-अंतराचा तक्ता बहुधा दाब-उंची आणि तापमान वेगवेगळे मागतो. तिथे 4,850 भरून पुन्हा 44 चा रकाना धरला, तर ऊन दोनदा मोजलं जातं. उलट थेट 840 भरले, तर 300 फूट गायब. तक्त्यात 1,140 आणि 44 च भरा. घनता-उंची अल्टिमीटरच्या खिडकीत बसवायचा खटाटोप तर अजिबात नको. सातपुड्याच्या अंगाला उडताना डोंगरापासूनचं अंतर ठेवायला क्यूएनएचच लागतं.

हवेत गेल्यावर ऊन काट्यावर परिणाम करतं, पण उलट्या दिशेने: गरम हवेत विमान काट्यापेक्षा थोडं वरच असतं. खाली असण्याचा धोका थंड हवेत.

शिकाऊ उड्डाणं सकाळी 6 लाच ठेवावीत. 28 अंश आणि क्यूएनएच 1005 असेल, तर त्याच धावपट्टीवर घनता-उंची 2,900 च्या आसपास येते.