'काळ्या लोकांनीही गुलाम ठेवले होते', मग हिशेब कसा?

फॉरवर्ड असा येतो: अमेरिकेत स्वतंत्र काळ्या लोकांकडेही गुलाम होते, म्हणजे त्यांनीही तोच धंदा केला. आकडा खोटा नाहीये, १८३०च्या जनगणनेत असे साडेतीन हजारांहून जास्त कुटुंबप्रमुख दिसतात. पण ते 'गुलाम' कोण होते ते बघा ना!

व्हर्जिनियात १८०६चा कायदा होता, की मुक्त केलेल्या माणसाने १२ महिन्यांत राज्य सोडायचं, नाहीतर परत विक्री. आता समजा एखाद्या स्वतंत्र काळ्या माणसाने पै-पै जमवून बायकोला मालकाकडून विकत घेतलं, तर तिला मुक्त केलं की ती वर्षात राज्याबाहेर, आणि नाही केलं तर कागदावर ती त्याचीच गुलाम, शिवाय मुलांचा दर्जा आईवरून ठरायचा म्हणून पोरंही गुलामच. मग तो विधिमंडळाकडे अर्ज करायचा, बायको-मुलांना मुक्त करून इथेच राहू द्या म्हणून. खाली गोऱ्या शेजाऱ्यांच्या सह्या, आणि लिहिता येत नसेल तर अर्जदाराच्या नावापाशी नुसती फुली. ती फुली बघून खरंच गलबलतं.

नफ्यासाठी गुलाम ठेवणारेही होते, साउथ कॅरोलिना, लुईझियानात, ते नाकारायचं नाही.

तपासायचं तर १८३०च्या जनगणनेच्या यादीत घराघरातला गुलामांचा आकडा बघा, बऱ्याच ठिकाणी एक-दोनच माणसं. नातं मात्र त्यात लिहिलेलं नसतं, त्यासाठी व्हर्जिनियाचे हे अर्ज वाचा, ऑनलाइन स्कॅन आहेत.