'मनन' या शब्दामागचा इतिहास: सीमाभागातील शास्त्रवाचनाची पार्श्वभूमी

बेळगाव, खानापूर, निपाणी या पट्ट्यातील मराठी ख्रिस्ती घरांत 'शास्त्रवाचन' आणि 'मनन' हे शब्द इतके जोडीने येतात की त्यांचे इतिहास वेगळे आहेत, हे सहसा लक्षात येत नाही. घरोघरचे शास्त्रवाचन या भागात रुजले ते छापील पुस्तकाबरोबर. 'मनन' हा शब्द मात्र मराठीत आधीपासूनच नांदत होता आणि बायबलच्या भाषांतरात शिरताना त्याने आपला जुना अर्थही सोबत आणला.

फार मागे जाण्याचे कारण नाही. बाराव्या शतकात युरोपातील एका मठवासीयाने वाचन, मनन, प्रार्थना आणि चिंतन अशा चार पायऱ्यांची शिडी मांडली, पण तेथील मठांत 'वाचणे' याचा अर्थ बहुधा ओठ हलवून वाचणे असाच होता. शेजारच्या गोव्यातही 1616 साली राचोल येथे छापले गेलेले ओवीबद्ध मराठी 'ख्रिस्तपुराण' कानांनी ऐकण्यासाठीच रचले होते.

बेळगावात लंडनहून आलेल्या मिशनने 1820 साली काम सुरू केले. मुंबईत नवा करार 1826 साली आणि संपूर्ण बायबल 1847 साली छापून निघाले, तर पूर्वेकडे बळ्ळारीहून संपूर्ण कन्नड बायबल 1831 सालीच तयार झाले होते. त्यामुळे हा जिल्हा आरंभापासून दोन भाषांतरांच्या मध्ये उभा राहिला. त्याच 1831 साली बेळगावात जन्मलेल्या आणि पुढे मराठीतील अगदी सुरुवातीच्या कादंबऱ्यांपैकी एक लिहिणाऱ्या गृहस्थांनी 1854 साली बेळगावातच बाप्तिस्मा घेतला. वाचता वाचता माणूस बदलतो, ही कल्पना मराठी ख्रिस्ती लेखनात पक्की होण्यास अशा सुशिक्षितांची आत्मकथने मोठ्या प्रमाणात कारणीभूत ठरली. ज्यांना अक्षरओळख नव्हती, त्यांचा विश्वास मात्र दुसऱ्याने वाचून दाखवलेल्या आणि ऐकून पाठ झालेल्या वचनांवर घडत होता. इतिहास लिहिताना या दुसऱ्या वाटेला नेहमीच कमी जागा मिळाली आहे.

खरा गुंता बायबलमधील स्तोत्रसंहितेच्या पहिल्या स्तोत्राच्या दुसऱ्या ओळीत आहे. धन्य माणूस परमेश्वराच्या नियमशास्त्राचे रात्रंदिवस काय करतो, हे सांगणारे मूळ इब्री (हिब्रू) क्रियापद 'हागा' असे आहे. बायबलमधीलच यशयाच्या पुस्तकात 31:4 मध्ये तेच क्रियापद शिकारीवर गुरगुरणाऱ्या सिंहासाठी आणि 38:14 मध्ये पारव्याच्या घुमण्यासाठी आले आहे. दुसऱ्या स्तोत्राच्या पहिल्याच ओळीत ते राष्ट्रांच्या पोकळ मसलतींसाठी वापरले आहे. यहोशवा 1:8 तर स्पष्टच सांगतो की हा ग्रंथ तुझ्या मुखातून दूर होऊ नये. म्हणजे मूळ कृती तोंडाची आहे, हलक्या आवाजात पुटपुटत राहण्याची आहे. आज मराठी ख्रिस्ती मंडळ्यांत सर्रास वाचल्या जाणाऱ्या भाषांतरात तिथे 'मनन' आहे आणि कन्नड 'सत्यवेदा'त, म्हणजे कन्नड बायबलात, ध्यान करण्याचे क्रियापद आहे. श्रवण, मनन, निदिध्यासन (ऐकणे, मनात विचार करणे, त्यातच एकाग्र होणे) ही वेदान्तातील त्रयी ज्या भाषेत मुरली आहे, त्या भाषेचा वाचक 'मनन' म्हटल्यावर डोळे मिटून गप्प बसणार, हे ओघानेच आले. 'पारायण' किंवा 'जप' हे शब्द आवाजाच्या दृष्टीने अधिक जवळचे होते, परंतु त्यांना चिकटलेल्या पूजाविधीच्या अर्थामुळे ते ख्रिस्ती कानांना खटकले असते. एकोणिसाव्या स्तोत्राच्या शेवटी त्याच धातूपासून बनलेले नाम अंतःकरणाशी जोडलेले आहे, असा बचाव 'मनन'च्या बाजूने करता येतो आणि तो खोटा नाही. तरीही त्याच ओळीत 'माझ्या मुखाचे शब्द' आधी येतात, हे विसरून चालत नाही.

या निवडीचा परिणाम केवळ व्याकरणापुरता उरला नाही. मनन ही मनातली गोष्ट ठरली की घरातील वाचन एकेकट्याचे होते; आजीने मोठ्याने अध्याय वाचावा आणि चुलीपाशी काम करणाऱ्यांनी तो ऐकावा, ही रीत मागे पडते. 1842 साली स्कॉटलंडमधील एका पाळकाने आखलेल्या वार्षिक वाचनक्रमासारख्या तक्त्यांनी त्यात मोजमापाची भर घातली. प्रोटेस्टंट बायबलचे 1189 अध्याय वर्षात संपवायचे, तर रोज तीन-चार अध्याय उरकावे लागतात आणि पुटपुटत घोळवण्यास सवड राहत नाही. कॅथलिक घरांत बदल उशिरा आला. बेळगावचा धर्मप्रांत 1953 साली झाला, पण सर्व भाविकांनी शास्त्र वाचावे असा आग्रह धरणारा दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेचा (कॅथलिक धर्मगुरूंच्या जागतिक सभेचा) दस्तऐवज 1965 सालचा आहे.

1956 साली जिल्हा तेव्हाच्या म्हैसूर राज्यात गेला आणि शाळेची भाषा व उपासनेची भाषा यांच्यातील अंतर हळूहळू वाढले. आज अशी घरे आहेत जिथे मुलांना बोललेली मराठी पुरती कळते, पण कन्नड किंवा इंग्रजी माध्यमामुळे देवनागरीतला लांबलचक अध्याय वाचताना ती अडखळतात. अशा घरांत आता मोबाइलवर मराठी बायबल मोठ्याने लावले जाते, आणि मुले ऐकता ऐकता ओळी पुटपुटू लागतात. घरातली वडीलधारी माणसे त्याला मनन म्हणायला तयार नसतात.