जॉन विल्क्सचे व्यक्तिचित्र (विल्यम हॉगार्थ, १७६३)

इंग्लिश चित्रकार विल्यम हॉगार्थ (१६९७–१७६४) याने संसदसदस्य व पत्रकार जॉन विल्क्स याचे केलेले हे अम्लरेखन (धातूच्या पत्र्यावर अम्लाने रेषा कोरून छापलेले चित्र) १६ मे १७६३ रोजी प्रसिद्ध झाले. त्याच्या छापील प्रती लंडनच्या नॅशनल पोर्ट्रेट गॅलरीसह अनेक संग्रहांत असून, त्यासाठीचे शाईचे मूळ रेखाटन ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

हे दोघे एकेकाळचे मित्र. हॉगार्थ १७५७ पासून राजाच्या चाकरीतला चित्रकार होता, तर विल्क्सने १७६२ मध्ये ‘द नॉर्थ ब्रिटन’ हे साप्ताहिक काढून राजाच्या मर्जीतला पंतप्रधान लॉर्ड ब्यूट याच्याविरुद्ध आघाडी उघडली होती. त्याच वर्षी हॉगार्थने ब्यूटची पाठराखण करणारे चित्र काढताच विल्क्सने सतराव्या अंकात त्याच्यावर जहरी लेख लिहिला आणि मैत्री संपली. पुढे २३ एप्रिल १७६३ च्या पंचेचाळिसाव्या अंकात राजाच्या संसदेतील भाषणावर टीका केल्याबद्दल विल्क्सला अटक झाली. वेस्टमिन्स्टर हॉलमध्ये त्याला न्यायाधीशांपुढे आणले गेले, तेव्हा हॉगार्थ तिथे बसून त्याचे रेखाटन करीत होता. संसदसदस्याच्या विशेषाधिकारामुळे ६ मे रोजी विल्क्स सुटला आणि अवघ्या दहा दिवसांत हे चित्र बाजारात आले.

चित्रात विल्क्स खुर्चीत ऐसपैस बसला आहे. शेजारच्या मेजावर दौत-लेखणी आणि १७ व ४५ हे क्रमांक घातलेले अंक दिसतात. म्हणजे राजाच्या अपमानाशेजारी चित्रकाराने स्वतःचा अपमानही नोंदवून ठेवला आहे. हातातल्या काठीच्या टोकाला स्वातंत्र्याची टोपी लावलेली आहे. प्राचीन रोममध्ये गुलामगिरीतून मुक्त झालेल्या माणसाची ही खूण होती. इथे मात्र ती पालथ्या भांड्यासारखी विल्क्सच्या डोक्यावर लटकते. त्याच्या केसांच्या टोपाच्या बटा शिंगांसारख्या वळल्या आहेत. तिरळे डोळे आणि पुढे आलेला जबडा यांवर मात्र चित्रकाराने फारशी अतिशयोक्ती केलेली नाही, कारण विल्क्स खरोखरच तिरळा होता. स्वभावदर्शन आणि विडंबन यांतला फरक हॉगार्थने १७४३ मध्येच एका चित्रातून आग्रहाने मांडला होता आणि या चित्राखालीही त्याने ‘प्रत्यक्ष पाहून काढलेले’ असे कोरले. चित्राची खरी धार या दाव्यातच आहे: मी काही वाढवले नाही, माणूसच असा आहे, असे तो बजावतो.

या चित्राच्या सुमारे ४,००० प्रती थोड्याच आठवड्यांत खपल्याचे सांगितले जाते. विल्क्सच्या लोकप्रियतेला मात्र त्याने धक्का लागला नाही. उलट ‘विल्क्स आणि स्वातंत्र्य’ ही घोषणा देणाऱ्या त्याच्या समर्थकांनी हाच तिरळा चेहरा आपलासा केला आणि पुढे तो चिनी मातीच्या मद्यपात्रांवरही रंगवला गेला.