गोळी चुकली, जीव वाचला, पण पुढं काय?

अमेरिकेत साउथ डकोटा, वायोमिंग, मोंटाना ह्या राज्यांत उन्हाळा आला की लोक प्रेअरी डॉग मारायला जातात. ही जंगलात दबा धरून बसायची शिकार नाही. रँचवाल्याला, म्हणजे गुरं पाळायच्या मोठ्या कुरणाच्या मालकाला, पैसे देऊन जागा ठरलेली असते, गाइड सकाळी पिकअपमधून माळावर नेतो, तिथं टेबल मांडून वाळूच्या पिशवीवर रायफल टेकवायची आणि गाइड शेजारी दुर्बिणीतून बघून सांगणार की गोळी डावीकडं गेली का खाली पडली. दिवसभरात एकेक जण शेकडो गोळ्या झाडतो, आणि मेलेले प्राणी बहुतेक वेळा तिथंच पडून राहतात कारण खायला म्हणून कुणी ते मारतच नाही.

नावात डॉग असलं तरी हा खारीच्या कुळातला प्राणी, साधारण किलोभर वजनाचा, माळावर बिळं खणून शेकड्यांनी एकत्र राहणारा. धोका दिसला की भुंकल्यासारखा ओरडतो म्हणून ते नाव पडलं. वर्षातून एकदाच पिल्लं होतात, मादी वर्षातून जेमतेम एक दिवस माजावर येते, तीन-चार पिल्लं, आणि ती बिळाबाहेर डोकं काढतात मे-जूनमध्ये. शिकारीचा सीझन रंगात येतो तोही साधारण तेव्हाच.

ह्या कामाच्या रायफलींना व्हार्मिंट रायफल म्हणतात, म्हणजे उपद्रवी प्राण्यांसाठीच्या. गोळी अगदी हलकी, अडीच-तीन ग्रॅमची, पण वेग सेकंदाला हजार मीटरच्या वर, आवाजाच्या जवळपास तिप्पट. एवढी हलकी गोळी वाऱ्याला पटकन बळी पडते, ताशी १५-१६ किलोमीटरचा आडवा वारा असला तर ३०० मीटरवर ती वीतभर सरकते आणि प्राण्याची रुंदी त्याहून कमी, म्हणून अनुभवी माणूस आधी गवताची पाती कुठं झुकलीत ते बघतो. नळी लवकर तापते, त्यामुळं दोन-तीन रायफली आलटून पालटून वापरतात. गोळीचं कवच मुद्दाम पातळ ठेवलेलं असतं, लागली की आतलं शिसं फुटून तुकडेतुकडे व्हावेत आणि गोळी उसळून दुसरीकडं जाऊ नये म्हणून. त्या शिशाकडं परत येऊच.

३०० मीटरवर गोळी पोचायला सेकंदाचा तिसरा भाग लागतो आणि आवाज पोचायला जवळपास सेकंद. म्हणजे ज्याला लागली त्याला बंदुकीचा आवाज ऐकूच येत नाही. पण शेजारच्या बिळावर उभे असलेले सगळं बघतात आणि ऐकतात. खरी गोष्ट त्यांची आहे असं मला वाटतं.

एक म्हणणं असं असतं की थोडे मारले तर काही बिघडत नाही, उलट उरलेल्यांना गवत जास्त मिळतं, ते धष्टपुष्ट होतात आणि पिल्लं जास्त होतात. ऐकायला पटतं, बऱ्याच प्राण्यांत थोडंफार होतंही तसं. जोनाथन पॉली आणि स्टीव्हन बस्कर्क ह्या संशोधकांनी वायोमिंगच्या थंडर बेसिन ह्या गवताळ माळावर हेच तपासलं, काही वसाहतींत गोळीबार करून आणि काही तशाच ठेवून, आणि २००७ मध्ये निकाल छापला. वाचलेले प्राणी आठपट जास्त वेळ मान वर करून टेहळणी करत होते. चरण्याचा वेळ ६६ टक्क्यांनी घटला, अंगावरची चरबी-ताकद ३५ टक्क्यांनी खाली आली, लहान पिल्लांच्या विष्ठेत ताणाचं हार्मोन ८० टक्क्यांनी वाढलं. पुढच्या उन्हाळ्यात गाभण राहणाऱ्या माद्या निम्म्या झाल्या आणि पिल्लांची पैदास ८२ टक्क्यांनी पडली. गवत भरपूर होतं हो, पण खायला मान खाली घालायची हिंमत नव्हती.

ह्यांची इशाऱ्याची पद्धत एरवी फार उत्तम चालते. कॉन स्लोबोडचिकॉफ ह्या प्राणीशास्त्रज्ञांनी गनिसन जातीच्या प्रेअरी डॉगवर वर्षानुवर्षं काम करून दाखवलं की ससाणा आला तर वेगळी हाक, कोयोट (लहान लांडग्यासारखा प्राणी) आला तर वेगळी, माणसाला वेगळी. ससाणा निघून गेला की सगळे परत चरायला लागतात. पण ३०० मीटरवरून मरण पाठवणारा ससाण्यासारखा येताना दिसत नाही आणि जातानाही दिसत नाही, मग धोका संपला हे कळणार कसं? मला तरी त्या आठपट टेहळणीचं कारण हेच वाटतं.

आता शिसं. पॉली आणि बस्कर्क ह्यांनीच मेलेले प्राणी तपासले तेव्हा फुटणाऱ्या गोळीनं मारलेल्यांपैकी ८७ टक्क्यांत गोळीचे तुकडे सापडले, न फुटणाऱ्या गोळीच्या बाबतीत फक्त ७ टक्क्यांत. माळावर पडलेलं हे मांस गरुड आणि ससाणे खातात आणि शिसं त्यांच्या पोटात जातं.

ह्या प्राण्याच्या मागं बंदुकीपेक्षा मोठा शत्रू आहे, प्लेग, आणि त्याचा धागा आपल्या मुंबईशी जुळतो. १८९६ मध्ये मुंबईत जो प्लेग शिरला, ज्याच्यावर शास्त्रज्ञ हाफकिननी भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात लस बनवून जानेवारी १८९७ मध्ये आधी स्वतःला टोचून घेतली, त्याच जागतिक साथीतला प्लेग १९०० मध्ये सॅन फ्रान्सिस्कोला पोचला आणि तिथून पिसवांमार्फत जंगली खारींत आणि मग प्रेअरी डॉगमध्ये. ह्यांच्यात त्याची प्रतिकारशक्ती जवळजवळ नाहीच, एकदा शिरला की अख्खी वसाहत काही आठवड्यांत ओस पडते.

आणि वसाहत ओस पडली की काळ्या पायांचा फेरेट, मुंगसासारखा दिसणारा लांबट शिकारी प्राणी, उपाशी मरतो, कारण त्याचं ९० टक्के खाणं प्रेअरी डॉगच आणि राहणंही त्यांच्याच बिळात. हा फेरेट संपला असं सगळे धरून चालले होते, पण १९८१ मध्ये वायोमिंगच्या मीटीत्सीजवळ एका रँचवरच्या कुत्र्यानं एक मारून घरी आणला आणि तिथून शोध लागला. १९८७ पर्यंत उरलेले शेवटचे १८ पकडून पिंजऱ्यात वाढवले, आजचे सगळे फेरेट त्यांच्यातूनच आले. साउथ डकोटाच्या कोनाटा बेसिनमध्ये त्यांना परत सोडलंय म्हणून तिथं प्रेअरी डॉगवर गोळी झाडायला बंदी आहे. २००८ मध्ये तिथंही प्लेग पोचला, आणि तो रोखायला माणसं माळावर फिरून एकेका बिळाच्या तोंडात पिसवा मारायची पावडर फवारतात आणि फेरेट पकडून त्यांना प्लेगची लस टोचतात.