हिवाळ्यात उबेचे ठिकाण कसे निवडावे: सांगली-मिरजेच्या प्रवाशांसाठी माहितीपत्रक

नोव्हेंबर उजाडला की चौकशी सुरू होते. आई-वडिलांचे सांधे आखडतात, कुणाला दमा आहे, कुणाचे नुकतेच ऑपरेशन झालेले असते. चार-आठ दिवस गारठा टळेल अशा ठिकाणी जायचे असते. अशा कुटुंबांसाठी हे पत्रक आहे. बुकिंग आमच्याकडे करा वा स्वतः करा, ठिकाण मात्र खालील गोष्टी तपासूनच ठरवा.

आधी रात्रीचे तापमान पाहा

जाहिरातीत दुपारचे तापमान छापलेले असते, पण त्रास होतो तो पहाटे. जानेवारीत सांगलीतही दुपारी पारा तिशीला टेकतो. पहाटे तो १२ ते १४ अंशांवर उतरतो आणि थंडीची लाट आली तर आणखी खाली जातो. म्हणजे 'दुपारी २८ ते ३० अंश' एवढ्या माहितीवरून ते ठिकाण सांगलीपेक्षा उबदार आहे की नाही हे कळतच नाही. किमान तापमान विचारा. वयस्कर माणसे सोबत असतील तर १८ अंशांच्या खाली जाणारे ठिकाण आम्ही सुचवत नाही. २० च्या वर असेल तर स्वेटर बॅगेतून बाहेर काढावा लागत नाही.

रात्रीची ऊब तीन गोष्टींवर ठरते. पहिली समुद्र. पाणी सावकाश तापते आणि सावकाश निवते, त्यामुळे किनाऱ्यावर दिवस-रात्रीच्या तापमानात १० ते १२ अंशांचाच फरक राहतो. पठारावर आणि वाळवंटात आकाश निरभ्र, हवा कोरडी. सूर्य मावळला की जमिनीतली उष्णता भराभर निघून जाते. दुसरी गोष्ट उंची. दर हजार मीटरला साधारण ६ ते साडेसहा अंश कमी धरा. महाबळेश्वर सुमारे १,३५० मीटरवर आहे, तिथे वेण्णा तलावाच्या काठी दवबिंदू गोठतात ते यामुळेच. तिसरी गोष्ट दक्षिणेचे अंतर. जितके दक्षिणेला जावे तितकी उत्तरेकडून येणाऱ्या थंड वाऱ्याची झळ कमी.

म्हणून राजस्थान आणि कच्छ या यादीत येत नाहीत. दिवसा ऊन सुखाचे असते हे खरे, पण जैसलमेर, उदयपूरला जानेवारीची पहाट १० अंशांच्या खाली जाते आणि कच्छात धोरडोच्या तंबूतही तीच गत. तरुण मंडळींनी जरूर जावे. दम्याच्या रुग्णाला तंबूत झोपवू नये. हंपी-बदामीची रात्र जवळपास आपल्यासारखीच.

कोकण: सर्वांत जवळचा आणि बहुतेकांना पुरेसा पर्याय

रत्नागिरी, मालवण, वेंगुर्ला या किनारपट्टीवर जानेवारीत दुपारी ३१ ते ३२ आणि पहाटे साधारण १८ ते २० अंश असतात. तीन रात्रींचा मुक्काम असेल तर आमची पहिली शिफारस हीच. तासगाव, मिरज भागातल्या द्राक्ष बागायतदारांना तर डिसेंबरात फवारण्या सोडून आठवडाभर बाहेर पडताच येत नाही; त्यांच्यासाठी सकाळी निघून दुपारी पोहोचता येईल असे ठिकाणच खरे.

मात्र 'कोकण' म्हटले की सगळीकडे सारखीच ऊब, असे नाही. दापोली गाव उंचावर आहे. थंडीच्या लाटेत तिथला पारा १० अंशांच्या आसपास येतो. त्याच तालुक्यात खाली मुरूड, कर्दे, हर्णैला रात्र बरीच सुसह्य असते. म्हणून 'दापोलीत हॉटेल' एवढ्यावर पैसे भरू नका. गाव कोणते आणि समुद्र किती अंतरावर, हे विचारा. सावंतवाडीही किनाऱ्यापासून आत असल्याने पहाटे वेंगुर्ल्यापेक्षा गार असते. आंबोलीला थंडीत मुक्काम करू नये, नुसते पार व्हावे.

खोलीची निवडही महत्त्वाची. दिवसा समुद्राकडून खारे वारे येतात, रात्री उशिरा ते थांबून जमिनीकडून मतलई वारे सुरू होतात आणि पहाटेचा गारवा त्यांच्यासोबत येतो. नारळी-पोफळीच्या वाडीतली घरे दिसायला सुंदर, पण तिथे ऊन जमिनीपर्यंत पोहोचत नाही, ओल राहते आणि दव दाट पडते. सांधेदुखी असलेल्यांनी वाडीतली तळमजल्याची खोली टाळावी. पश्चिमेला भिंत असलेली खोली घ्यावी, दुपारचे ऊन खाल्लेली भिंत रात्री बराच वेळ उबदार राहते. लिफ्ट नसेल तर पायऱ्या किती, हे त्याच फोनवर विचारावे.

गरम पाण्याबद्दल नेमका प्रश्न विचारा. बऱ्याच घरगुती निवासांत सोलरचे पाणी असते. संध्याकाळी ते कढत येते आणि रात्री सगळ्यांच्या आंघोळी झाल्या की सकाळी कोमट उरते. 'गरम पाणी आहे का?' याला उत्तर नेहमी 'आहे' असेच मिळते. 'सकाळी सहाला गीझर चालतो का, की सोलरच?' असे विचारा.

सांगलीहून रस्ते असे: रत्नागिरी-गणपतीपुळ्यासाठी कोल्हापूर, आंबा घाट. मालवण-तारकर्लीसाठी कोल्हापूर, राधानगरी, फोंडा घाट, कणकवली. हे अंतर सुमारे २०० किलोमीटर, जेवणाच्या थांब्यासह सहा तास धरा. वेंगुर्ल्यासाठी आजरा, आंबोली. घाटरस्त्यांची कामे अधूनमधून सुरू असतात, निघायच्या आदल्या दिवशी चौकशी करावी.

पहाटे चारला निघायची आपली सवय या मोसमात सोडा, हे आम्ही आग्रहाने सांगतो. नोव्हेंबर ते मार्च कारखान्यांचे गाळप चालू असते. उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या लावलेले ट्रॅक्टर रात्रभर रस्त्यावर असतात, कित्येकांना मागे दिवा वा रिफ्लेक्टर नसतो, त्यात नदीकाठी आणि घाटमाथ्यावर धुके. सातच्या सुमारास निघालात तर उजेडात कोल्हापूर मागे पडते आणि घाटात शिरेपर्यंत धुके विरलेले असते. परतताना दाजीपूरचा जंगलपट्टा दिवस मावळायच्या आत ओलांडा, तिथे गवे रस्त्यावर येतात. घाट लागणार असेल आणि उलटीचा त्रास असेल तर गोळी घाटाच्या पायथ्याशी नव्हे, किमान अर्धा तास आधी घ्यावी, डॉक्टरांना विचारूनच.

केरळ आणि कन्याकुमारी

केरळचे नेहमीचे पॅकेज कोची, मुन्नार, थेक्कडी, अलप्पुळा असे असते. त्यात मुन्नार सुमारे दीड हजार मीटर उंचीवर आहे. जानेवारीत तिथल्या चहामळ्यांवर हिमकण दिसतात, कधी पारा शून्याजवळ जातो. उबेसाठी केरळला गेलेली माणसे तिथे शाली विकत घेतात. डोंगराचा भाग वगळून कोची, अलप्पुळा, वर्कला, तिरुवनंतपुरम, कन्याकुमारी असा किनाऱ्याचा मार्ग आखून मागा. या पट्ट्यात रात्री २२-२३, दुपारी ३१-३२ अंश मिळतात.

अलप्पुळ्याची हाऊसबोट संध्याकाळी साडेपाचच्या सुमारास काठाला लावतात, रात्रभर ती चालत नाही. अनेक बोटींत एसी फक्त रात्री नऊ ते सकाळी सहा असतो. पाण्यावर डास असतात, मलम जवळ ठेवा. आजी-आजोबांना बोटीत चढताना फळीवरून जावे लागते; गुडघ्यांचे दुखणे असेल तर रात्रीचा मुक्काम न करता दिवसाची फेरी पुरे.

मिरजेवरून केरळला पुणे-एर्नाकुलम पूर्णा एक्सप्रेस जाते, ती आठवड्यातून एकदाच. कन्याकुमारीसाठी दादर-तिरुनेलवेली गाडी सोयीची. तिरुनेलवेलीहून पुढे सुमारे ८५ किलोमीटर. रेल्वेचे आरक्षण आता प्रवासाच्या ६० दिवस आधी उघडते. २६ डिसेंबरला निघायचे तर २७ ऑक्टोबरलाच हालचाल हवी, आणि ते दिवस नेमके दिवाळीच्या आगेमागे येतात, म्हणून राहून जाते. मधल्या स्थानकावरून काढलेले वेटिंग पुष्कळदा वेगळ्या कोट्यात पडते आणि ते सहसा लवकर पुढे सरकत नाही. भाड्यात फार फरक नसेल तर गाडी सुटते त्या स्थानकापासून तिकीट काढून चढण्याचे ठिकाण मिरज नोंदवा. ऑनलाइन वेटिंग तिकीट यादी लागल्यावरही वेटिंगच राहिले तर आपोआप रद्द होते. ते घेऊन डब्यात चढू नका.

आणखी एक अडचण. नोव्हेंबरच्या मध्यापासून मकरसंक्रांतीपर्यंत शबरीमलाची यात्रा असते. केरळकडच्या गाड्या आणि कोट्टायम-चेंगन्नूर भागातली हॉटेले भरलेली असतात. तमिळनाडूत त्याच सुमारास पोंगलची सुटी. १८ जानेवारीनंतर सगळे मोकळे होते.

रामेश्वरमबद्दल सावध करणे आमचे काम आहे. तमिळनाडूच्या पूर्व किनाऱ्यावर खरा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबर पडतो, बंगालच्या उपसागरातली वादळेही याच महिन्यांत येतात. धनुष्कोडी उद्ध्वस्त करणारे वादळ २२-२३ डिसेंबर १९६४ चे. ऊब असते, पण छत्री उघडूनच फिरावे लागेल. जानेवारीच्या दुसऱ्या पंधरवड्यात जा. हवा कोरडी, समुद्र शांत.

अंदमान

पोर्ट ब्लेअरचे नाव आता श्री विजयपुरम आहे. जुनी तिकिटे, नकाशे पाहताना गोंधळू नये. हॅवलॉक म्हणजे स्वराज द्वीप, नील म्हणजे शहीद द्वीप. रात्री २२-२३ अंश, जानेवारी ते मार्च उत्तम. भारताची घड्याळाची वेळ एकच असल्याने डिसेंबरात तिथे संध्याकाळी पाचच्या सुमारास सूर्य मावळतो. सकाळी सहाला बाहेर पडलात तरच दिवस हाती लागतो. परतीच्या विमानाआधीची शेवटची रात्र श्री विजयपुरममध्येच ठेवा. हवा बिघडली की बेटांमधल्या फेऱ्या बंद होतात आणि स्वराज द्वीपावर अडकलेल्या माणसाचे विमान चुकते. हे टाळायचे असेल तर दुसरा उपाय नाही. सेल्युलर जेलला किमान अर्धा दिवस द्या, सावरकरांची कोठडी तिसऱ्या मजल्यावर आहे आणि जिने चढावे लागतात.

परदेश

थायलंडला जायचे तर फुकेत-क्राबीची बाजू घ्या, नोव्हेंबर ते एप्रिल तिथे कोरडे असते. को समुई दुसऱ्या समुद्रावर आहे, तिथे डिसेंबरातही पाऊस. श्रीलंकेचेही असेच: कोलंबो, गॉलची बाजू डिसेंबर ते मार्च चांगली, त्रिंकोमालीची नाही. बालीत हा पावसाळा. दुबईत जानेवारीची दुपार २४ आणि रात्र १४ अंश, म्हणजे उबेसाठी तिकडे जाण्यात अर्थ नाही. पासपोर्टची मुदत परतीनंतर किमान सहा महिने हवी. परदेशी टूर पॅकेजवर टीसीएस (विकणाऱ्याने आगाऊ गोळा करायचा आयकर) वेगळा कापला जातो. तो आयकर विवरणपत्रात वळता होतो, पण भरताना हातात पैसे लागतात.

पैसे भरण्याआधी

२४ डिसेंबर ते २ जानेवारी या दहा दिवसांत भाडी सर्वांत चढी, किमान तीन रात्रींची अट आणि ३१ डिसेंबरच्या रात्रीचे जेवण सक्तीचे. शाळेची अडचण नसेल तर ५ ते २३ जानेवारी (केरळ-तमिळनाडूसाठी १८ नंतर) निवडा: ऊब तीच, गर्दी कमी. रद्द केल्यास किती दिवस आधी किती परत, हे व्हॉट्सॲपवर लेखी घ्या. तोंडी शब्दावर राहू नका. 'सी व्ह्यू' म्हणजे खिडकीतून कुठेतरी पाणी दिसते एवढेच. खोलीचा आजचा व्हिडिओ मागा.

हवामान खात्याच्या मौसम ॲपवर त्या ठिकाणच्या किमान तापमानाचा रकाना निघण्याआधी आठवडाभर रोज पाहा. फोनमधले साधे ॲप कधी जवळच्या शहराचा आकडा दाखवते, उंचीवरच्या गावांसाठी तो फसवतो.

कार्यालयात येताना सर्व प्रवाशांची आधारकार्डे, वये, ज्येष्ठांच्या औषधांची यादी आणि कोण किती पायऱ्या चढू शकते एवढे लिहून आणा. इन्सुलिन घेणारे कुणी असेल तर तेही सांगा. खोलीत फ्रिज मागून ठेवावा लागतो, आणि वाटेत इन्सुलिन उन्हात तापलेल्या गाडीत ठेवता येत नाही.