रिझोनिंग वेगळं, स्पेशल एक्सेप्शन वेगळं: डेटा सेंटरच्या हिअरिंगला जायच्या आधी एवढं बघा

उत्तर व्हर्जिनियात आपली मराठी माणसं भरपूर, ॲशबर्न, ब्रॅम्बलटन, साउथ रायडिंग सगळीकडे, आणि डेटा सेंटरचा विषय आता गणपतीच्या जेवणातही निघतो. पण बोलताना सगळे एकच शब्द वापरतात, "झोन बदलतायत". दर वेळी झोन बदलत नसतो हो.

मागे एका हिअरिंगला शेजारचे काका माझ्याबरोबर आले होते. बोलायला तीन मिनिटं मिळतात. काकांनी घरून लिहून आणलेलं, कागदाची चौघडी खिशात, आणि तीनही मिनिटं ते "इथे शेती आहे, झोन बदलू नका" यावरच बोलले. आता त्या जमिनीवर अजून गवत आहे, गाई चरतात, हे खरंच, पण कागदावर ती कित्येक वर्षांपूर्वीच इंडस्ट्रियल झालेली होती आणि अर्ज होता स्पेशल एक्सेप्शनचा. बोर्डाने, म्हणजे काउंटीच्या निवडून आलेल्या सुपरवायझरांनी, ऐकलं, थँक यू म्हटलं, पुढचं नाव पुकारलं. काकांच्या घराला खरा त्रास होणार तो जनरेटरच्या आवाजाचा, त्यावर अट घालणं त्या रात्री बोर्डाच्या हातात होतं, आणि तो विषयच निघाला नाही. मला फार लागलं ते.

तर रिझोनिंग म्हणजे कुठल्या जमिनीवर काय चालेल तो नकाशाच बदलणं. आपल्याकडे हिरव्या झोनचा पिवळा करून आणतात ना, तसंच. शेतीचा पट्टा बिझनेस किंवा इंडस्ट्रियल झाला की तो जमिनीला चिकटतो, मालक बदलला, कंपनी गेली तरी झोन तोच राहतो. आणि व्हर्जिनियात यात एक मोठी गोम आहे, ती म्हणजे प्रॉफर. रिझोनिंगच्या वेळी बोर्ड स्वतःहून "एवढी झाडं लावा, एवढं अंतर सोडा" असं लादू शकत नाही, अर्जदार आपणहून लेखी कबूल करतो, आणि एकदा बोर्डाने ते मान्य केलं की पुढच्या मालकालाही बांधील. म्हणजे अर्जदारानं जे लिहून दिलंच नाही ते नंतर मागायची सोय नाही. त्यामुळे इथे हिअरिंगच्या रात्री जाऊन भागत नाही, प्रॉफरचा मसुदा आधीच मागून वाचायचा, "बिल्डिंगची उंची लिहिलेली नाही, आवाज डेसिबलमध्ये नाही, कुठे मोजणार तेही नाही" हे आपल्या सुपरवायझरला आधी कळवायचं, म्हणजे अर्जदारावर वेळेत दबाव येतो.

स्पेशल एक्सेप्शनमध्ये झोन आहे तोच राहतो. त्या झोनमध्ये डेटा सेंटर चालतं, पण सरसकट नाही, प्रत्येक जागेसाठी वेगळी परवानगी घ्यायची. आणि इथे अटी बोर्ड घालतं, अर्जदाराला आवडो न आवडो. जनरेटरची टेस्ट फक्त दिवसा घ्या, कुंपणाच्या रेषेवर आवाज अमुक डेसिबलच्या आत ठेवा, घरांच्या बाजूला मातीचा बांध घालून झाडं लावा, असं सगळं मागता येतं. ही परवानगी त्या एका वापरापुरती असते, आणि बऱ्याच ठिकाणी ठराविक वर्षांत काम सुरू केलं नाही तर ती संपतेसुद्धा. प्रिन्स विल्यम काउंटीत यालाच स्पेशल यूज परमिट म्हणतात, नाव वेगळं, काम तेच.

गोंधळ होतो कारण बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं, रस्त्याकडेला अर्जाची तशीच पाटी, तीच हिअरिंग, तेच बोर्ड, तीच तीन मिनिटं.

आणि जिथे दोन्ही लागत नाही तो प्रकार बाय-राइट. झोनमध्ये वापर थेट मंजूर, फक्त साइट प्लॅन ऑफिसात तपासला जातो, हिअरिंगच नाही. लाउडन काउंटीत बरीच डेटा सेंटरं अशीच उभी राहिली. १८ मार्च २०२५ ला तिथल्या बोर्डानं हे बाय-राइट काढून टाकलं आणि स्पेशल एक्सेप्शन सक्तीचं केलं. यात एकाही जमिनीचा झोन बदलला नाही, तरी लोकांना बोलायची जागा मिळाली. माझ्या मते हा फार मोठा बदल आहे आणि तो लोकांनी लावून धरला म्हणून झाला.

रिझोनिंग किती मोठं असू शकतं ते बघायचं तर प्रिन्स विल्यमचं डिजिटल गेटवे बघा. अमेरिकेच्या यादवी युद्धातल्या मनासस रणभूमीला लागून पेजलँड लेनवरची २,१०० एकरांहून जास्त ग्रामीण जमीन, ३७ डेटा सेंटरं. आधी नोव्हेंबर २०२२ मध्ये काउंटीचा दीर्घ मुदतीचा आराखडा बदलला, मग डिसेंबर २०२३ मध्ये रिझोनिंग, हिअरिंग रात्रभर चालून दुसऱ्या दिवशीपर्यंत गेली, ४ विरुद्ध ३ मतांनी मंजूर. शेजारच्या वस्तीतले लोक कोर्टात गेले आणि ऑगस्ट २०२५ मध्ये न्यायाधीशांनी ते रिझोनिंग रद्द ठरवलं, कारण हिअरिंगची जाहिरात कायद्यात सांगितल्याप्रमाणे छापली गेली नव्हती. त्यावर पुढे अपील झालं. म्हणून हिअरिंगची नोटीस आली की जपून ठेवा.

वॉरन्टन गावातलं उदाहरण परमिटचं, तिथे अमेझॉनच्या एका डेटा सेंटरला फेब्रुवारी २०२३ मध्ये स्पेशल यूज परमिट मिळालं, तेही ४ विरुद्ध ३. त्यानंतर गावाच्या निवडून आलेल्या कौन्सिलमधली माणसं बदलली आणि २०२४ मध्ये गावानं डेटा सेंटर हा वापरच झोनिंगच्या नियमांतून काढून टाकला.

मग पुढच्या वेळी पाटी दिसली की गाडी थांबवून अर्जाच्या नंबराचा फोटो काढा. प्रिन्स विल्यममध्ये नंबर आरईझेडनं (REZ) सुरू झाला तर रिझोनिंग, एसयूपीनं (SUP) झाला तर स्पेशल यूज परमिट, आणि कधीकधी एकाच जमिनीवर दोन्ही अर्ज एकत्र येतात, तेव्हा दोन्ही फायली मागायच्या. निर्णय झाल्यावर कोर्टात जायला फक्त ३० दिवस असतात, दोन्ही प्रकारांत. काका आता पुढच्या हिअरिंगसाठी नवीन कागद लिहितायत, या वेळी पहिल्याच ओळीत जनरेटर आहे.