'मंत्री' तोच, पण काम तेच का?

'मलय भाषेत मंत्र्याला मंत्रीच म्हणतात, म्हणून तिकडचे मंत्रीही आपल्यासारखे संसदेतूनच येतात' असा मजकूर बरीच वर्षे फिरतो आहे. त्यातला पहिला अर्धा भाग खरा आहे: 'मंतरी' हा तिथला शब्द संस्कृतातूनच गेलेला असल्यामुळे पुढचा निष्कर्ष सहज पटतो. पण शब्द एक असला, तरी पद देशागणिक बदलते. मलेशियाच्या राज्यघटनेचे कलम ४३ पाहावे. तेथे मंत्री संसदेच्या दोन्हींपैकी एका सभागृहाचा सदस्य असावा लागतो, म्हणजे समजूत तिथे बरोबर ठरते. इंडोनेशियाच्या घटनेचे कलम १७ मात्र मंत्र्यांची नेमणूक आणि बडतर्फी थेट राष्ट्राध्यक्षाकडे सोपवते, आणि खासदार मंत्री झाला तर त्याला खासदारकी सोडावी लागते. ब्रुनेईत तर १९८४ पासून सुलतान स्वतःच पंतप्रधान आहेत.

खुद्द मलेशियातही गंमत आहे. जोहोरसारख्या वंशपरंपरागत राजा असलेल्या राज्यात मुख्यमंत्र्याला 'मंतरी बसार', म्हणजे शब्दशः 'मोठा मंत्री', म्हणतात. राजा नसलेल्या पेनांगमध्ये त्याच पदाला 'कतुआ मंतरी' म्हणतात. दोन्ही राज्यांच्या सरकारी संकेतस्थळांवर हा फरक लगेच दिसतो.